अडीच फुटांवरची उडी

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं आणि मी एकोणसाठ वर्षांचा होतो, त्या साली हिवाळ्याच्या तोंडाला आमच्या कुत्र्याचा पुढचा पाय मोडला. तो कोणी मोडला हे मला त्याच दिवशी समजलं होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो, आणि मी एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, हे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

शिक्षण म्हणाल तर दोन वर्षं उर्दूत झालं. निजामाचं राज्य होतं, शाळेत अलिफ-बे शिकवायचे. मग राज्य बदललं, मास्तर बदलला, फळ्यावरची अक्षरं उलट्या बाजूनं चालायला लागली. मी पाटी बापापुढं ठेवली आणि म्हणलो, एक काय ते ठरू द्या, मग जातो. ते ठरलं, पण मी काही परत गेलो नाही. मराठी वाचायला मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो. लोखंडाचं काम मात्र कोणाच्या पाटीवरून शिकलो नाही, ते हात भाजून शिकलो.

लातुरात माझं झोपायच्या कॉटा बनवायचं दुकान होतं. लोखंडी एंगल, पाइप, वरून पट्ट्या. भूकंपाआधी मी चारचौघांसारखीच कॉट बनवायचो, गुडघ्याएवढी. त्र्याण्णवला किल्लारीकडं जे झालं ते झालं. माझ्या बायकोचं माहेर त्याच बाजूला. दगडी भिंती, वर मातीचं माळवद, आणि पहाटे सगळे झोपेत. घरातली एकच बाई जिवंत निघाली, तिची भावजय. मी तिथं दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा लोक सांगत होते, ती कॉटखाली निघाली. वरून आख्खं माळवद आलं आणि लोखंडी कॉटनं ते पेललं.

ती गोष्ट माझ्या डोक्यात बसली. परत आलो आणि कॉटेचे पाय वाढवले. अडीच फूट. मोठं माणूस वाकून खाली बसू शकेल अशी उंची. पायाला जाड एंगल, मधे आडवा पाइप. आमच्याकडं तिला भूकंपाची कॉट म्हणायचे. पुढं दोन-तीन वर्षांत भीती जरा ओसरली, तर शिकवण्यांचं पीक आलं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं लातुरात डॉक्टर व्हायला यायला लागली. ज्याच्या घरात एक खोली जादा, त्यानं ती पोरांना भाड्यानं दिली. माझी उंच कॉट त्या लोकांनी उचलली, कारण तिच्याखाली पत्र्याची ट्रंक, बादली, स्टोव्ह, सगळं मावायचं. मग मी उंची कमी केलीच नाही.

पहिली उंच कॉट मात्र मी विकली नव्हती. ती बायकोसाठी होती. माहेर गेल्यापासून ती छपराखाली झोपत नव्हती. दिवसा घरात सगळं करायची, पण अंधार पडला की वाकळ घेऊन अंगणात. पत्र्याचं एक छप्पर टाकून दिलं होतं, त्याच्याखाली. थंडी असो, पाऊस असो. मी ती कॉट आत आणून ठेवली आणि सांगितलं, वरून काही आलं तर खाली शिरायचं, बस. ती आत आली. पण झोप म्हणाल तर नाही. डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडायची, आणि चार दिवसांनी पुन्हा बाहेर.

झोप तिला कुत्र्यानं आणली. आमची लेक नांदेडला दिलेली. जावयाची बदली पुण्याला झाली आणि तिथं घरमालक कुत्रं ठेवू देईना, म्हणून लेक ते पिशवीत घालून एसटीनं आमच्याकडं सोडून गेली. पांढरं, केसाळ, पामेरियन. चार पायांचा कापूस म्हणा. त्याच्या अंगात हाडं किती आणि वारं किती हे देवालाच माहीत, एका जागी दम म्हणून नाही. पाटावर उडी, खुर्चीवर उडी, माणूस दारातून आला की त्याच्या कमरेपर्यंत उडी. मला ते आवडलं नाही. कुत्रं म्हणजे राखणीला असावं, दांडगं. पण ते बायकोच्या उशाशी कॉटवर झोपायला लागलं, आणि बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून घोरायला लागली. म्हणायची, याला आधी कळतंय, हे उठवतंय मला. मी कुत्र्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

असं सगळं बसलेलं असताना एका दुपारी मी जेवायला घरी आलो, तर कुत्रं तिच्या मांडीवर, पुढचा उजवा पाय लोंबत असलेला. नुसता मोडलेला नाही, कोपराखाली दोरीसारखा हलत होता. ती रडत होती. काय झालं विचारलं तर म्हणली, माहीत न्हाई, एकदम किंचाळलं.

माझं डोकं सरळ वर गेलं. वर म्हणजे माडीवर. तिथं मी तीन पोरं ठेवलेली. दोन नायगावची, ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. तिसरं देगलूरचं, बारीक, चष्म्याचं, ते दुपारी खोलीवरच असायचं. त्यानंच आठवडाभर आधी माझ्यापाशी येऊन सांगितलं होतं, मामा, कुत्रं लई भुंकून राहिलंय, पाठ केलेलं राहीना. मी त्याला म्हणलो होतो, कुत्रं भुंकणारच, तू तुझं बघ. आता दोन आणि दोन चार करायला काही क्लास लावावा लागत नाही.

मी वर गेलो. पोरगं पुस्तकात तोंड घालून बसलेलं. मी त्याच्या चपलांकडं बघितलं, दाराकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. ते उभं राहिलं. मी विचारलं, लाथ मारली का काही फेकून मारलं. तर ते घाबरून आपल्या गावच्या बोलीवरच आलं. म्हणलं, "मामा, मी न्हाई ओ. कुक्कला मी कशाला मारू?"

तिकडं सीमेवर कुत्र्याला तेलुगूत कुक्क म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पण ज्या अर्थी ते तेलुगूत शिरलं, त्या अर्थी मराठीत सांगता येण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं, असा मी हिशेब लावला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं म्हशी, बैल, शेळ्या. डॉक्टर बाहेर झाडाखाली एका बैलाच्या खुराला औषध लावत होता. मला आधीच शक, की ज्या हातात बैलाचा खूर तो हात या काडीला काय करणार. त्यानं पाय न दाबता नुसता हातावर तोलून बघितला आणि फोटो काढून आणायला सांगितलं. कुत्र्याचा फोटो काढायची सोय तिथं नव्हती. माणसांच्या एक्स-रेवाल्याकडं धाडलं, तेही दुपारी, पेशंट नसताना, मागच्या दारानं. फोटोत हाड बघितलं. काडेपेटीतली काडी असते, तेवढं. आणि ती काडी मधोमध दोन तुकडे.

डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि मला विचारलं, हे झोपतं कुठं? मी म्हणलो, कॉटवर. म्हणला, उंची किती? मी छाती काढून सांगितलं, अडीच फूट, आणि अख्ख्या लातुरात इतकी भक्कम कॉट दुसरा माणूस करत नाही. तो म्हणला, मग तिथूनच उडी मारली असेल, या जातीची हाडं फार नाजूक, एवढ्या उंचीवरून फरशीवर आलं की पुढचे पाय जातात. म्हणला, घरात फरशी शहाबादी आहे का?

शहाबादी तर सगळ्यांच्याच घरात होती. मी त्याला म्हणलो, साहेब, कुत्रं सहा महिने झाले रोज उतरतंय, तेव्हा नाही मोडलं? तो म्हणला, रोज वाचतं आणि एक दिवस मोडतं. मग त्यानं मला तिथंच बसवून सांगितलं. उडी बंद. कॉटवर, खुर्चीवर, कशावर नाही. फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी, पाय घसरता कामा नये. पंजाच्या खालचे केस कातरायचे, नखं वाढू द्यायची नाहीत. उचलायचं तर छातीखाली एक हात आणि मागं एक हात, पुढच्या पायांना धरून नाही. आणि हाड जुळलं तरी नवं हाड कच्चं असतं, त्याच जागी पुन्हा मोडलं तर जुळेल याचा भरवसा नाही, पाय काढावा लागेल.

मी सगळं ऐकून घेतलं. विश्वास फक्त शेवटच्या गोष्टीवर ठेवला. उडीचं मला पटलं नाही. माझ्या कॉटेला नाव ठेवणारा माणूस मला सहसा पटत नाही. वर आणि हा डॉक्टर देगलूरकडचाच निघाला तर, अशीही एक शंका आली. बोलण्यावरून पुण्याकडचा वाटत होता, पण माणसं बोलणं बदलतात.

प्लास्टर असेपर्यंत कुत्रं कॉटवर चढवायचं नव्हतं. त्याला ज्वारीच्या मोठ्या टोपल्यात जुनी चादर घालून ठेवलं. झालं, बायकोनं ते टोपलं उचललं आणि अंगणात गेली. पुन्हा ती वाकळ, पुन्हा ते पत्र्याचं छप्पर. थंडी पडलेली. सकाळी तिची बोटं वाकायची नाहीत, खोकला छातीत बसलेला. मी म्हणलो, टोपलं आत ठेव, तू कॉटवर झोप. ती म्हणली, ते खाली आन् मी वर, त्यानं उठवायचं कसं? मी रोज ते प्लास्टर बघायचो. मला कुत्र्याचा पाय नको होता, मला बाई घरात हवी होती, आणि तिचा रस्ता त्या पायावरून जात होता.

म्हणून मी बंदोबस्त केला. जिन्याला खालून पत्र्याचं दार लावलं आणि कडी माझ्या बाजूला ठेवली. देगलूरच्या पोराला ताकीद दिली, उतरताना हाक मारायची, मग मी किंवा मामी दार उघडू. पोरगं हाव म्हणलं. पण दोन दिवसांनी बघतो तर ते जिन्याच्या दारातल्या फटीतून कुत्र्याला बिस्किटाचा तुकडा टाकत होतं. आता मला सांगा, जे पोरगं डब्याची पोळी चहात बुडवून खातं, ते दुसऱ्याच्या कुत्र्याला बिस्कीट का घालेल? मनात काही असल्याशिवाय? मी बायकोला म्हणलो, बघ, ओळख पाडून घेतंय. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला वाटलं, खोकला आला.

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या शेंगेसारखा झाला होता, पण टेकत होता. डॉक्टरनं पुन्हा तेच ऐकवलं. मी बायकोच्या समाधानासाठी त्याचं थोडं ऐकलं. कॉटेपुढं गोणपाट टाकलं. आणि एक काम केलं जे लातुरात तरी दुसऱ्या कोणी केलं नसेल. कॉटेला लावायला लोखंडी घसरगुंडी बनवली, वरून पोतं ताणून शिवलं, की कुत्र्यानं तिच्यावरून चालत उतरावं. लेकराला शिकवावं तसं बायको त्याला शिकवायची. तुकडा दाखवला की ते शहाण्यासारखं उतरायचं, तुकडा खायचं, शेपूट हलवायचं. बायको टोपल्याची चादर धुऊन आत आली. त्या रात्री मी तिचं घोरणं ऐकत पडलो होतो.

दहा-बारा दिवस गेले असतील. एका संध्याकाळी घरी आलो तर कुत्रं तीन पायांवर. मोडलं नव्हतं, पण पाय उचलून धरलेला, मनगटाशी सूज. काय झालं? माहीत न्हाई. जिन्याचं दार? उघडं. बायको म्हणली, त्या पोराला पाणी भरायचं होतं, मीच उघडलं.

आता मी कोणाला काही विचारणार नव्हतो. चोर पकडायचा तर मुद्देमालासकट.

दुसऱ्या दिवशी मी जेवून, पान लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असा दुकानाला निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मागच्या बोळातून परत आलो. न्हाणीचं एक दार मागं उघडतं, एक घरात. त्या आतल्या दाराच्या फटीतून कॉट, जिना आणि मधली फरशी सगळं दिसतं. मी पाट उलटा टाकून तिथं बसलो. जिन्याचं दार मुद्दाम नुसतं लोटून ठेवलेलं. हातात एंगलचा तुकडा होता. मारायला नव्हे, पण असावा.

बायको कॉटवर आडवी झाली होती. कुत्रं तिच्या पोटाशी. वर पोरगं घोकत होतं, हाडांची नावं का काय ती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत तेव्हा शिकवणीवाल्यांची तीन मजली इमारत व्हायची होती. तिथं बोअर पाडणारी गाडी आलेली मला माहीत होती, पण जेवणापुरता सोडला तर दिवसा मी कधी घरात नसायचो. ती गाडी सुरू झाली.

आधी आवाज नाही आला. आधी फरशी आली. म्हणजे पायाखालून एक थरथर, मग मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिण. बायको झोपेतून ताठ उठून बसली, तोंड उघडं, आवाज नाही. आणि कुत्रं तिच्याही आधी. घसरगुंडी उजवीकडं होती, ते डावीकडून गेलं. सरळ हवेत. गोणपाटाच्या पलीकडं शहाबादीवर आलं, पुढचे दोन्ही पाय फाकले, हनुवटी आपटली, एकदा केकाटलं आणि तरी उठलं. लंगडत दाराशी गेलं आणि तिच्याकडं तोंड करून भुंकायला लागलं. ये, बाहेर ये. दुसरं काय म्हणत असेल ते?

मग बायको उतरली. तेव्हा मला प्रथम दिसलं की माझ्या कॉटवरून तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. कडेवर बसून तिनं अंग सोडून दिलं, गुडघा धरला, तशीच पळत गेली, कुत्र्याला छातीशी धरून अंगणात.

जिन्याचं दार हललंसुद्धा नव्हतं. वर ती ओळ चालूच होती.

मी न्हाणीतून बाहेर आलो. ती छपराखाली बसली होती, कुत्र्याचा पाय बोटांनी चाचपत. मला बघून दचकली नाही.

"किती दिस बसणार होताव न्हाणीत?" म्हणली. "चप्पल तर न्हाणीच्या मागच्या दाराभाईर ठेवून गेलाव."

मी एंगलचा तुकडा भिंतीशी ठेवला. विचारलं, पाय मोडला तेव्हाही असंच झालं होतं का.

"हाव. तवा रस्त्यावरनं उसाचे ट्रक चालले होते, एकामागं एक."

"आन् मी त्या पोरावर शक घेतला तवा तोंड शिवलं होतंस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तर सांगत होताव."

मला राग आला. खरं तर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही, राग म्हणतो. मी म्हणलो, सांगितलं असतंस तर काय गेलं असतं? ती बराच वेळ कुत्र्याच्या पंज्यातली माती काढत राहिली. मग म्हणली, "तुम्ही कुत्रं कुणाला तरी देऊन टाकलं असतं. न्हाई तर कॉट कापली असती आन् वरीसभर तोंड पाडून बसला असताव. मला दोन्ही नको होतं."

मी तिला समजावून सांगितलं की कॉट कापता येत नाही. ती उंची उगाच नाही. वरून काही आलं तर तिला शिरायला जागा हवी, तिची भावजय तशीच वाचली. हे मी सहा वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो होतो, तेच तिला सांगितलं.

तिनं मान वर केली. म्हणली, "कोण म्हणलं ती शिरली?"

"कॉटखाली निघाली ना?"

"निघाली. ती खालीच निजायची. कॉटवर भाऊ असायचा." मग म्हणली, "उठून खाली शिरायला येळ कुणाला घावला तिथं?"

शेजारी बोअरची गाडी थांबली. कुत्रं तिच्या कुशीत झोपायला लागलं होतं, तोच पाय तिच्या मनगटावर टाकून. मी विचारलं, मग तू कॉटवर आलीस कशाला, एवढं माहीत होतं तर. ती म्हणली, तुम्ही तीन दिवस जेवायला नव्हताव आला, ती करीत होताव म्हणून.

मी कुत्रं उचललं. डॉक्टरकडं गेलो, त्यानं पाय बघितला, हाड शाबूत होतं.  उंच कॉट वाईट असं मी आजही म्हणणार नाही. तिच्याखाली ट्रंक बसते, पाहिजे त्याला विचारा. आणि देगलूरच्या पोराचं ते बिस्किटाचं मला अजून पुरतं उमगलेलं नाही. त्या रात्री बायको पुन्हा अंगणात झोपली आणि मी कॉटवर एकटा पडून त्या पट्ट्या पाठीला किती टोचतात ते मोजत राहिलो.

सकाळी उजाडताच कॉट अंगणात ओढली आणि उलटी केली. लाइट गेलेली होती, म्हणून दुकानातून हातानं चालवायची हेक्सा करवत आणली. वीतभर उंची ठेवून चारी पायांवर खडूनं खूण केली. पहिला पाय अर्धा कापला आणि एंगल थरथरायला लागला, पान अडकायला लागलं, एकट्याच्या हातात काम राहीना. मी जिन्याचं पत्र्याचं दार उघडलं आणि वर हाक मारली. देगलूरचं पोरगं दात घासता घासता खाली आलं आणि लांबच उभं राहिलं. मी त्याला पाय दाखवला. धर म्हणलो, दोन्ही हातांनी धर, हलू देऊ नको. आणि कापायला लागलो.